तळ्यासकट जमीन घेताना

बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातील धामणगाव बढे हे गाव ज्या मुलखात वसले आहे, तो अजिंठ्याच्या डोंगरओळीकडून पूर्णेच्या खोऱ्याकडे उतरत जाणारा, वरच्या अंगाला बरड व मुरमाड आणि उताराबरोबर काळा व भारी होत जाणारा मुलूख असून, तेथील कापूस, मका, सोयाबीन आणि तूर ही पिके मुख्यत्वे आभाळाच्या भरवशावर घेतली जात असल्यामुळे शेताच्या सौद्यात पाण्याची चौकशी भावाच्या चौकशीआधी होते. पूर्वी ही चौकशी विहिरीपुरती असे. विहीर आहे काय, असल्यास खासगी की सामायिक, सामायिक असल्यास पाळी कितव्या दिवशी येते आणि चैत्रात किती परस पाणी उरते, एवढे समजले म्हणजे घेणाऱ्याचे समाधान होई. गेल्या दहा वर्षांत मात्र या चौकशीत तळ्याची भर पडली आहे. 2016 मध्ये शासनाने ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना काढली, तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल अशा मोठ्या आकाराच्या तळ्यास पन्नास हजार रुपयांपर्यंत अनुदान ठेवले, पुढे ती मर्यादा पंचाहत्तर हजारांवर नेली, आणि परिणामी जिथे पूर्वी नुसता धुरा आणि बाभळीची रांग दिसे, तिथे गावोगाव चौकोनी खड्डे दिसू लागले. विकणारा आता ‘वावरात शेततळे आहे’ हे वाक्य सौद्याच्या आरंभीच उच्चारतो आणि त्या वाक्यासरशी एकरी भाव चढवतो. हा चढ वाजवी आहे काय, तळ्यासकट शेत घ्यावे की तळ्याविना घेऊन पुढे स्वतः खोदावे, आणि या दोन्ही वाटांवर उघड व छुपा खर्च कोणता, याचा आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम विक्रेत्याच्या तोंडी ‘तळे’ म्हणून जे येते ते वस्तुतः काय असते, हे निवडून घ्यावे लागते. कारण एकाच नावाखाली चार निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली म्हणजे वर सांगितलेले शेततळे, जे कब्जेदाराने आपल्या जमिनीत, आपल्या किंवा अनुदानाच्या पैशाने खोदलेले असते. दुसरी म्हणजे सरकारी पाझर तलावाचा शेतात शिरलेला भाग. 1972 च्या दुष्काळात आणि त्यानंतर रोजगार हमीच्या कामांतून महाराष्ट्रभर पाझर तलाव झाले. त्यांपैकी कित्येकांसाठी शेतकऱ्यांनी जमिनी दिल्या, परंतु संपादनाची नोंद सातबाऱ्यावर वेळेवर चढलीच असे नाही, आणि त्यामुळे कागदावर आजही जुन्या कब्जेदाराच्या नावे असलेले क्षेत्र प्रत्यक्षात बुडीत क्षेत्र असते. अशा शेताचा खरेदीदार जमिनीची किंमत देऊन सरकारचे पाणी विकत घेतो, आणि पुढे पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन कसावयास गेला तर तीही आपली नव्हे असे त्यास कळते. तिसरी वस्तू म्हणजे गावतळे किंवा त्याचा काठ. तलाव, नदीनाले आणि त्यांचे तळ हे, दुसऱ्या कोणाची मालकी सिद्ध होत नसेल तेथे, शासनाचे होत, असे 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या विसाव्या कलमाचे तात्पर्य आहे, आणि 2011 मध्ये जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या तळ्यांवरील व सामायिक जागांवरील अतिक्रमणे काढण्याचा जो आदेश सर्व राज्यांना दिला, त्यानंतर या बाबतीत ‘पिढ्यानपिढ्या आमचीच वहिवाट आहे’ या युक्तिवादात फारसा जीव उरलेला नाही.

चौथी वस्तू सर्वांत फसवी. ती म्हणजे मुरमाचा खड्डा. रस्त्यांची कामे जवळपास निघाली, की मुरमास गिऱ्हाईक येते. शेतातून मुरूम उचलून नेला जातो, उरलेल्या खड्ड्यात पावसाळ्यात पाणी साचते, आणि श्रावणात शेत पाहावयास आलेल्या माणसास ते पाणी तळे म्हणून दाखविले जाते. वास्तविक मुरूम हे गौण खनिज असून परवान्यावाचून त्याचे उत्खनन झाले असेल तर संहितेच्या अठ्ठेचाळिसाव्या कलमाखाली बाजारभावाच्या पाचपट दंड बसू शकतो, आणि तो दंड वसूल झाला नसेल तर सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात बोजा म्हणून चढू शकतो. शिवाय मुरूम ज्या थरातून निघतो तो थर पाणी धरणारा नसतोच. मुरमाने जे पाणी श्रावणात घेतले, ते तो कार्तिकाआधी खाली सोडून देतो. शेजारच्या विहिरीचे भले होत असेल, खड्ड्याच्या मालकाचे होत नाही.

येथे वऱ्हाड आणि पूर्व विदर्भ यांतील एक ऐतिहासिक भेद ध्यानात ठेवणे उपयुक्त ठरेल. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या भागांत कोहळी समाजाने व मालगुजारांनी बांधलेले हजारो तलाव आहेत. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव शासनाकडे आले, परंतु गावकऱ्यांचे निस्तार, म्हणजे रोजच्या वापराचे, हक्क आणि धानाच्या पाण्याची जुनी रीत कायम राहिल्यामुळे तेथे जमीन घेणारा मनुष्य तलावाचा इतिहासही घेतो. वऱ्हाड मात्र 1853 मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कबजात गेले आणि मुंबईच्या धर्तीवर तेथे रयतवारी जमाबंदी झाली. मालगुजार नव्हता, म्हणून मालगुजारी तलावही नव्हता, आणि पाण्याची सगळी भिस्त विहीर, नाला व पाऊस यांवर राहिली. धामणगावच्या शिवारातील खासगी तळे ही बहुधा अलीकडची वस्तू आहे, आणि नव्या वस्तूस जुन्या वहिवाटीचे संरक्षण नसते.

आता पैशाचा हिशेब पाहू. समजा, लगतलगत चार-चार एकरांची दोन शेते विक्रीस आहेत, एकात वर सांगितलेल्या आकाराचे शेततळे आहे, दुसऱ्यात नाही. हिशेबाच्या सोयीसाठी कोरडवाहू जमिनीचा भाव एकरी दहा लाख धरू, आणि तळेवाला एकरी एक लाख अधिक मागतो असे मानू. म्हणजे तळ्याची मागणी चार लाखांची झाली. तीस मीटर चौरस तोंडाचे, एकास एक उताराच्या बाजूंचे आणि तीन मीटर खोलीचे तळे सुमारे एकवीसशे शहाण्णव घनमीटर, म्हणजे जवळजवळ बावीस लाख लिटर पाणी धरते. एवढी माती यंत्राने उपसणे, बांध दाबणे आणि सांडवा काढणे यांस, खाली पाषाण लागला नाही तर, लाख-सव्वा लाख रुपये धरावेत. शासनाने अनुदानाची मर्यादा पन्नास व पंचाहत्तर हजारांवर ठेवली होती, यावरूनही खोदाईच्या खर्चाची पायरी कोणती याचा अंदाज येतो. तेव्हा वरवर पाहता, सव्वा लाखाच्या खड्ड्यास चार लाख मोजणे हा व्यवहार आतबट्ट्याचा दिसतो.

परंतु हिशेब येथे संपत नाही. तळ्याचे तोंड नऊशे चौरस मीटर, म्हणजे सुमारे नऊ गुंठे. त्याभोवतीचा बांध, बांध आणि काठ यांमधील मोकळी पट्टी, टाकलेली माती आणि यंत्र फिरवावयास लागणारी जागा मिळून सोळा गुंठे सहज अडकतात. सोळा गुंठे म्हणजे एकराचे चार दशांश, आणि दहा लाखांच्या भावाने त्यांची किंमत चार लाख रुपये होते. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही, की तळ्याचा सर्वांत मोठा खर्च खोदाईचा नसून तळ्याखाली गेलेल्या जमिनीचा आहे, आणि तो तळ्यासकट शेत घेणाऱ्यास व मागाहून स्वतः खोदणाऱ्यास सारखाच सोसावा लागतो. दोघांत फरक उरतो तो जागा निवडण्याच्या मोकळिकीचा. स्वतः खोदणारा मनुष्य आपल्या शेतातील सर्वांत हलकी, पण सर्वांत सखल जागा पाहून तळे काढील. आयते तळे घेणाऱ्यास विक्रेत्याची निवड स्वीकारावी लागते. आणि ती निवड अनुदानाची मुदत, यंत्रवाल्याची सोय किंवा भावाभावांतील हिस्सेवाटणी यांनी ठरलेली असेल, तर शेतातील उत्तम काळी जमीन खड्ड्याखाली आणि सखल कोपरा कोरडा, असा प्रकार आढळतो. अशा तळ्याचे मोल शून्यही नसते; ते ऋण असते, कारण ते ठेवले तर चार लाखांची जमीन वाया जाते आणि बुजवावे म्हटले तर दोन हजारांहून अधिक घनमीटर माती आणावी लागते. म्हणून माझ्या मते चुकीच्या जागी असलेल्या तळ्यासाठी भाव चढविण्याऐवजी खरेदीदाराने तो उतरवून मागावा, आणि तसे मागताना संकोच करू नये.

यापुढचा प्रश्न तळे भरण्याचा. या भागात वर्षाकाठी सात-आठशे मिलिमीटर पाऊस धरला आणि शेतजमिनीवरून त्याचा दहा ते पंधरा टक्के भाग वाहून येतो असे मानले, तर एक हेक्टर पाणलोटातून साडेसातशे ते सव्वा अकराशे घनमीटर पाणी मिळते. म्हणजे वर सांगितलेले तळे भरण्यास दोन ते तीन हेक्टर, अर्थात पाच ते साडेसात एकर क्षेत्राचे पाणी त्याच्याकडे वळले पाहिजे. तळ्याच्या तोंडावर थेट पडणारा पाऊस थोडी भर घालतो खरा, पण झिरपा आणि ऊन त्याचा हिशेब पावसाळ्यातच चुकता करून टाकतात. चार एकरांच्या शेताचे सगळे पाणी जरी तळ्याकडे आले, तरी ते पुरते भरणार नाही. वरच्या शेजाऱ्याच्या शेतातून पाणी यावेच लागते. आणि येथेच खरेदीखताची मर्यादा उघडी पडते. आपल्याकडे जुन्या दस्तऐवजांत जमीन विकताना जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण आणि निधिनिक्षेप यांसह विकल्याचे लिहिण्याची रीत आहे आणि दस्तलेखक आजही ती भक्तिभावाने चालवतात. परंतु त्या ‘जला’त शेजाऱ्याच्या उतारावरून येणारे पाणी समाविष्ट होत नाही.

1882 च्या सुविधाधिकार अधिनियमाच्या सातव्या कलमाखाली जी उदाहरणे दिली आहेत, त्यांतील दोन या बाबतीत एकमेकांशेजारी ठेवून वाचावीत. वरच्या जमिनीवर पडलेले व निश्चित प्रवाहातून न वाहणारे पाणी नैसर्गिकपणे खाली येऊ देण्यास खालच्या मालकास हरकत घेता येत नाही, हे एक; आणि निश्चित प्रवाहातून न वाहणारे असे आपल्या जमिनीवरील सगळे पाणी आपल्याच हद्दीत अडविण्याचा व वापरण्याचा प्रत्येक मालकास हक्क आहे, हे दुसरे. दोहोंचा एकत्र अर्थ असा, की अतिवृष्टी झाली तर वरच्याचे पाणी खालच्याने सोसावे, आणि अवर्षण पडले तर वरच्याने ते अडवून ठेवले तरी खालच्याने तक्रार करू नये. आज ज्या तळ्यात वरच्या वावरातून पाणी येते, त्या वावराच्या मालकाने पुढल्या वर्षी बांधबंदिस्ती केली किंवा स्वतःचे शेततळे खोदले, आणि तसे करण्यास तर शासनच उत्तेजन देते, तर खालचे तळे पाचवीलाच पुजल्यासारखे कोरडे राहील आणि कोणत्याही कचेरीत त्याची दाद लागणार नाही. नाल्यातून किंवा ओहोळातून, म्हणजे निश्चित प्रवाहातून, पाणी घेणाऱ्याची स्थिती निराळी. परंतु नाल्याचे पाणी शासनाचे असल्यामुळे तेथे परवानगीचा प्रश्न उपस्थित होतो. तात्पर्य, तळ्याच्या शेताचा खरेदीदार खड्डा पाहतो, पण त्याने वरची चार शेते पाहिली पाहिजेत.

भरलेल्या तळ्याचे पुढे काय होते, तेही आकड्यांत पाहण्याजोगे आहे. ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत दिवसाला चार-पाच मिलिमीटर पाणी उन्हाने उडते असे धरले, तर चार महिन्यांत अर्ध्या मीटरहून अधिक थर, म्हणजे सुमारे चारशे घनमीटर पाणी, नुसते आकाशात जाते. जमिनीत मुरणारे निराळे. काळ्या चिकण मातीत तळ धरला असेल तर हाताशी दीड हजार घनमीटर उरेल. एका एकरास पाच सेंटीमीटरची एक पाळी द्यावयास दोनशे घनमीटर लागतात. तेव्हा चार एकरांस जवळजवळ दोन पाळ्या मिळतील. बोंडे भरतीच्या ऐन वेळी कपाशीस एक पाळी किंवा हरभऱ्यास फुलोऱ्यात एक पाळी मिळणे ही कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे, कित्येकदा सगळ्या वर्षाचा नफा तेवढ्यावर अवलंबून असतो. परंतु दोन पाळ्यांच्या जोरावर कोरडवाहू जमीन ओलिताची होत नाही, आणि ओलिताचा भाव मागणाऱ्या विक्रेत्यास हा हिशेब शांतपणे मांडून दाखवावा.

तळात मुरूम असल्यास प्लास्टिकचे अस्तर घालणे भाग पडते. तळ व बाजू मिळून आणि काठावर पुरावयाच्या कडा धरून सुमारे बाराशे चौरस मीटर कागद लागतो. पाचशे मायक्रॉन जाडीच्या अस्तरास चौरस मीटरमागे शंभर रुपये धरले तरी सुमारे सव्वा लाख होतात, आणि हा खर्च एकदाचा नसून काही वर्षांनी पुन्हा उभा राहणारा आहे. शेजारच्या जालना जिल्ह्यातील कडवंची हे गाव पाणलोटाच्या कामांनंतर द्राक्षबागा आणि अस्तराची शेततळी यांसाठी प्रसिद्धीस आले; तेथील उत्पन्न पाहून अनेकांस तळ्याचा मोह झाला, तो समजण्यासारखा आहे. मात्र अस्तराचे तळे जर विहिरीतील पाणी उपसून भरले जात असेल, तर भूगर्भात सावलीस असलेले पाणी वर आणून उन्हात ठेवण्याचाच तो प्रकार होतो, आणि द्राक्षासारख्या पिकास तो परवडला तरी मक्यास परवडत नाही.

याउलट आपल्याच जिल्ह्यात पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात, शेगाव, संग्रामपूर, नांदुऱ्याकडे, तळ्याचे मोल खरोखरच मोठे आहे. तेथे विहिरीचे पाणी खारट, ते पिकास दिले तर जमीन चोपण होते. पावसाचे गोडे पाणी साठविण्यावाचून इलाज नाही, आणि तेथील फुगणारी चिकण माती अस्तरावाचूनही पाणी धरते. एकच आकाराचे तळे, एकच जिल्हा, पण संग्रामपुरात ते ओलिताचे एकमेव साधन आणि मोताळ्याच्या मुरमाड अंगाला तो गळका हौद. धामणगावातील सौद्यात कोणी खारपाणपट्ट्यातील भावाचा दाखला दिला, तर तो येथे लागू पडत नाही.

जबाबदारीचा खर्च कोणीच मोजत नाही. बांध फुटला आणि खालच्याचे पीक वाहून गेले, तर भरपाई कोणी द्यावयाची? इंग्लंडात लँकेशायरच्या एका गिरणीमालकाने बांधलेला जलाशय जुन्या बोगद्यांतून फुटून शेजाऱ्याच्या कोळशाच्या खाणीत शिरला, आणि 1868 मध्ये तेथील उमरावांच्या सभेने, मालकाची हयगय असो वा नसो, धोक्याची वस्तू आपल्या जमिनीवर आणून साठविणाऱ्याने नुकसान सोसले पाहिजे, असा निर्णय दिला. रायलंड्स विरुद्ध फ्लेचर या नावाने तो जगभर कायद्याच्या विद्यार्थ्यांस शिकविला जातो. मद्रास इलाख्यातील कार्वेटीनगरच्या जमीनदाराचे तलाव फुटून रेल्वेचे पूल वाहून गेले, तेव्हा रेल्वे कंपनीने हाच दाखला पुढे केला; परंतु प्रिव्ही कौन्सिलने 1874 मध्ये असे ठरविले, की या देशात तलाव राखणे हा जमीनदाराचा नुसता हक्क नसून लोकांच्या जीविताशी निगडित असे प्राचीन कर्तव्य आहे, म्हणून हयगय सिद्ध झाल्यावाचून त्याला जबाबदार धरता येणार नाही. निर्णय शहाणपणाचा होता यात शंका नाही. मात्र पुरातन तलावास मिळालेली ती सवलत, गेल्या वर्षी यंत्राने खोदलेल्या आणि सांडवा न काढलेल्या खासगी तळ्यास मिळेल, अशा भ्रमात कोणी राहू नये. सांडव्यावाचून बांध घालणे हीच हयगय होय. त्यातच तळ्यात मुले व गुरे बुडण्याच्या वार्ता दर वर्षी येतात. तारेचे कुंपण आणि अस्तरावर दोर किंवा जाळीची शिडी यांचा खर्च विक्रेत्याने केलेला नसेल तर तो खरेदीच्या किमतीत मिळवूनच सौदा करावा. पाण्यास रोही आणि रानडुकरे येतात, हा आणखी एक कर. तो उभ्या पिकातून वसूल होतो.

कागदपत्रांविषयी थोडे सविस्तर लिहिणे अवश्य आहे. सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’ म्हणून जे क्षेत्र दाखविलेले असते त्याचे ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन वर्ग आहेत, आणि सामान्य खरेदीदार या अक्षरांकडे पाहत नाही. ‘अ’ वर्गात लागवडीस अयोग्य जमीन येते. ‘ब’ वर्गात रस्ते, पायवाटा आणि, येथे लक्ष द्यावे, कब्जेदाराहून इतर लोक ज्याचे पाणी ओलितासाठी, पिण्यासाठी किंवा घरवापरासाठी घेतात असे तळे किंवा ओहोळ येतात. म्हणजे तळ्याखालचे क्षेत्र ‘ब’ वर्गात असेल, तर शेत तुमचे असले तरी त्या पाण्यावर इतरांचा पाय आहे, असे खुद्द सरकारी दप्तर सांगत आहे. गावाचे वाजिब-उल-अर्ज उपलब्ध असेल तर तेही पाहावे. खासगी जमिनीतील व पाण्यातील ओलिताचे, वाटेचे आणि मासे धरण्याचे रिवाज त्यात नोंदविण्याची तरतूद संहितेच्या एकशे पासष्टाव्या कलमात आहे. त्यानंतर गाव नमुना बाराकडे वळावे. तेथे दर वर्षीचे पीक, ते जलसिंचित की अजलसिंचित, आणि सिंचनाचे साधन कोणते, हे लिहिलेले असते. मागील चार-पाच वर्षांत रब्बीचा गहू-हरभरा जलसिंचित म्हणून आणि साधन म्हणून शेततळे नोंदलेले असेल, तर तळ्यात पाणी राहते याची ती साक्ष होय, आणि त्या सगळ्या वर्षांत कोरडवाहू कापूसच उभा असेल, तर विक्रेत्याच्या बोलण्यापेक्षा नमुना बाराचे मौन अधिक विश्वसनीय समजावे. अर्थात ई-पीक पाहणीच्या नोंदी घाईने होतात हे खरे, पण खोट्याही नोंदी सामान्यतः विकणाऱ्याच्या लाभाच्याच असतात.

तळ्याची नोंद असण्याचे फायदेही आहेत. सौर कृषी पंपाच्या योजनेत पाण्याचे साधन दाखवावे लागते आणि तेथे नोंदलेले शेततळे कामास येते. दुसऱ्या बाजूस, ओलिताची नोंद असलेल्या जमिनीचे शासकीय मूल्यांकन कोरडवाहूपेक्षा चढे होत असल्यामुळे मुद्रांकाचा खर्च वाढतो. तळे अनुदानातून झाले असल्यास मंजुरीचा आदेश आणि मोजमापाचा कागद मागून घ्यावा, कारण त्यावरील लांबी-रुंदी आणि प्रत्यक्षातील लांबी-रुंदी यांत कधी कधी मनोरंजक अंतर आढळते. पुण्या-मुंबईस नोकरीला असलेल्या आणि गावी शेत घेऊ इच्छिणाऱ्या मंडळींनी हेही विसरू नये, की विदर्भास लागू असलेल्या 1958 च्या कुळवहिवाट कायद्याच्या एकोणनव्वदाव्या कलमाने बिगरशेतकऱ्यास शेतजमीन विकण्यास मनाई केली आहे. तळ्याचा काठ कितीही रमणीय असला तरी प्रथम स्वतः शेतकरी असल्याचा दाखला काढावा लागतो.

वस्तुतः जमिनीबरोबर पाणीही विकले जावे काय, हा मूळ प्रश्नच वादाचा आहे. पुरंदर तालुक्यात नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी 1974 च्या सुमारास पाणी पंचायतीचा जो प्रयोग आरंभिला, त्यात पाण्याचा हिस्सा जमिनीच्या क्षेत्रावर न ठरता कुटुंबातील माणसांच्या संख्येवर ठरे, भूमिहीनासही तो मिळे, आणि जमीन विकली तरी पाण्याचा हक्क खरेदीदाराकडे न जाता समूहाकडे परत येई. आपल्या रीतीत याच्या नेमके उलट होते. पाणलोट सगळ्या शिवाराचा, मजुरी किंवा अनुदान सरकारचे, आणि किंमत मात्र ज्याच्या सातबाऱ्यात खड्डा पडला त्याच्या खिशात जाते. व्यवहारात ही रीत आज बदलणारी नाही, म्हणून खरेदीदाराने ती ओळखूनच वागावे. पण ज्या पाण्याची एकरी किंमत तो मोजतो आहे, त्यातील किती पाणी विक्रेत्याचे होते, हा प्रश्न त्याने इसार देण्यापूर्वी एकदा तरी स्वतःला विचारावा.

प्रत्यक्ष पाहणी श्रावण-भाद्रपदात करू नये. केली तर तेवढ्यावर सौदा ठरवू नये. फाल्गुनात तळ्याच्या काठाने एक पूर्ण फेरी मारावी. आतल्या उतारावर पाण्याच्या पातळीच्या रेघा एकाखाली एक उमटलेल्या असतात. त्या दाट व सारख्या अंतराच्या असतील तर पाणी हळूहळू उतरले, आणि वर एक ठळक रेघ व खाली एकदम उघडी माती असेल तर ते झपाट्याने मुरले, असे समजावे. तळात भेगाळलेला गाळ दिसल्यास हातातली काठी त्यात खुपसून पाहावी. काठी हातभर आत गेली म्हणजे तीन मीटरांच्या खोलीतले अर्धे मीटर गेले आणि उपशाचा खर्च आला. बाहेरच्या अंगाला बांधाच्या पायथ्याशी, सगळीकडे रखरखाट असताना, एखाद्याच ठिकाणी बेशरम या झुडपाचे हिरवेगार रान माजलेले असेल, तर पाणी कुठून निसटते हे दुसऱ्या कोणास विचारण्याची गरज नाही. बांधावर बाभूळ वाढू दिली असेल तर तिची मुळे मातीत वाटा पाडत असतात. अस्तर असल्यास पाण्याखालचा भाग न पाहता पाण्याच्या वरची, सदैव उन्हात असणारी कडा चिमटीत धरून वाकवावी. ती कडकडली किंवा तिच्यावर बारीक चिरा उमटल्या, तर अस्तराचे आयुष्य सरत आले असे धरून सव्वा लाख वजा करावेत.

हे सगळे वजा-जमा करून जे दिसते ते असे. सखल कोपऱ्यात, काळ्या तळाचे, फाल्गुनापर्यंत पाणी धरणारे, सांडवा व कुंपण असलेले आणि ज्याचा पाणलोट बहुतांशी त्याच शेतात किंवा निश्चित नाल्यावर आहे असे तळे मिळत असेल, तर त्यासाठी खोदाईच्या खर्चाहून अधिक देणे गैर नाही, कारण पहिल्याच वर्षी एक हंगाम वाचतो आणि जागा बरोबर निवडल्याचा पुरावा आयता हाती येतो. असे तळे नसेल, तर तळ्याविना पण उताराचे, वरच्या अंगाला पडीत किंवा गायरान असलेले शेत घेणे मला अधिक श्रेयस्कर वाटते. खोदाई दोन वर्षांनी, शेतातले पाणी कोणत्या वाटेने धावते ते पाहून, करता येते. लहान तुकडा घेणाऱ्याने, दीड-दोन एकरांच्या धन्याने, तळ्याच्या फंदात पडूच नये. त्याची सोळा गुंठे जमीन त्याच्या पाण्याहून मोलाची आहे, आणि ‘मागेल त्याला’ म्हणणाऱ्या योजनेनेही किमान साठ गुंठे जमिनीची अट घातली होती, ती उगीच नव्हे. त्याने विहिरीतील हिस्सा विकत घ्यावा, किंवा गाळमुक्त धरण योजनेत जवळच्या तलावातून निघणारा गाळ आणून आपल्या बरड जमिनीवर पसरावा. ज्या जिल्ह्याने तलावातील माती महामार्गाच्या भरावास देऊन तलाव खोल करण्याचा ‘बुलढाणा पॅटर्न’ देशास दाखविला, तेथे गाळ ही दुर्मीळ वस्तू नाही.

शेवटी एका भावी गोष्टीचा उल्लेख करणे भाग आहे, कारण सौद्याच्या बोलण्यांत ती हटकून येते. गोसीखुर्दपासून मोताळा तालुक्यातील नळगंगा धरणापर्यंत सव्वाचारशे किलोमीटरहून लांब कालव्याने पाणी आणण्याच्या वैनगंगा-नळगंगा जोड प्रकल्पास 2024 मध्ये राज्य शासनाची मान्यता मिळाली. ते पाणी आले तर तालुक्याचा कायापालट होईल, हे कबूल. परंतु कालव्याच्या शेवटच्या टोकास पाणी किती व कधी पोचते, याचा महाराष्ट्रातील अनुभव सर्वश्रुत आहे, शिवाय संपादनात कोणाचे शेत जाईल आणि कोणाचे लाभक्षेत्रात येईल, हे मोजणीच्या खुणा लागल्यावाचून कळणार नाही. तेव्हा विक्रेता तळ्यानंतर नळगंगेकडे वळला, तर त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे, चहा घ्यावा, आणि तळ्याच्या चतुःसीमा व पोटखराब्याचा वर्ग दस्तात स्पष्ट लिहून देण्यास तो राजी आहे काय, एवढे विचारावे.